उघडं राहिलेलं अवतरण

कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाला नवी पाटी लागली आणि थोरलीने तिथला पाव बंद केला. पाटी इंग्रजीत होती, अक्षरं चांगली ठसठशीत होती, पण त्यात ‘फ्रेश’, म्हणजे ताजा, या एका शब्दाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावलेली होती. शब्द उठून दिसेल असं दुकानदाराला वाटलं असणार. थोरलीला दिसलं ते वेगळंच.

“तो स्वतःच सांगतोय, की याला ताजा म्हणतात बुवा, खरं-खोटं आम्हाला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “इतका प्रामाणिक दुकानदार मी पाहिला नाही. पण म्हणून त्याचा पाव का खायचा?”

“ताई, लोक पाव खातात, वाचत नाहीत,” धाकटी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथूनच पाव घेऊन आली. थोरलीने नाक मुरडत दोन तुकडे खाल्ले.

दोघी बहिणी इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासायच्या. आधी एका छापखान्यात नोकरी होती. तो बंद पडल्यावर काम घरी आलं. घर म्हणजे बाइंडिंगच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खाली खळ शिजायची, तिचा आंबूस वास जिन्यावरून वर यायचा आणि पडद्यांत मुरायचा. पुढच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं. त्याच्या एका बाजूला धाकटी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्या बाजूला थोरली छापून आलेल्या कागदावर पेन्सिल धरून बसायची.

छापखान्यात एकाच खोलीत तीन-चार जोड्या अशा वाचत बसायच्या. शब्दांच्या त्या बाजारात प्रत्येक चिन्ह तोंडाने सांगत बसलं तर घसा बसायचा, म्हणून अवतरणचिन्हं हाताने सांगायची रीत पडली होती. कोणाचं बोलणं सुरू झालं की वाचणारीने टेबलावर पेन्सिल दोनदा वाजवायची, टक् टक्. ते दुहेरी चिन्ह. त्या बोलण्याच्या पोटात आणखी कोणाचं बोलणं आलं तर एकदाच, टक्. ते एकेरी. आणि बोलणं संपलं, मग ते आतलं असो की बाहेरचं, की तळवा टेबलावर टेकायचा. एकच माणूस पानंच्या पानं बोलत सुटला तर त्याच्या दर परिच्छेदाला चिन्ह नव्याने उघडायचं, बंद मात्र एकदाच करायचं, तो गप्प होईल तेव्हा. छापखाना गेला पण रीत दोघींच्या हातात राहिली. खालचा बाइंडर म्हणायचा, “तुमच्याकडे सुतार ठेवलाय की काय?”

थोरली या बाबतीत कडक होती. चिन्हांच्या आत जे असतं ते आपलं नसतं, असं तिचं म्हणणं. त्यातला स्वल्पविरामही आपण हलवायचा नाही. आणि शेवटचं चिन्ह पडायचं ते माणसाचं बोलून झालं तिथे, आपण ऐकून कंटाळलो तिथे नाही.

धाकटी स्वतः मात्र कधी बोलून थांबायचीच नाही. वाचनाचा घसा वेगळा आणि गप्पांचा वेगळा, असा तिचा हिशेब. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दात घासतानासुद्धा तिची टकळी चालू असायची. थोरली हं हं करायची. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि कोणी हवं आहे असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांचं पुस्तक आलं तेव्हा दोघी खूश होत्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून हाताने फोन जोडून देणाऱ्या बायका शोधून साहेबांनी त्यांना बोलतं केलं होतं. मजेशीर किस्से होते. एका बाईने मंत्र्याचा फोन चुकून खाटकाला जोडून दिला होता आणि दोघं पाच मिनिटं एकमेकांशी अदबीने बोलले होते. धाकटीला ते वाचताना हसू आवरेना.

शेवटचं प्रकरण एका बाईचं होतं. तिचं बोलणं सलग होतं, मध्ये प्रश्न नव्हते. धाकटीने पेन्सिल दोनदा वाजवली आणि वाचायला लागली. उकाड्याची खोली, काळ्या रंगाने रंगवलेल्या काचा, पाठीला पाठ लावून बसलेल्या बायका, तापलेल्या वायरींचा वास. दर परिच्छेदाला टक् टक्. थोरलीचं बोट ओळीमागून ओळ सरकत शेवटच्या ओळीला पोचलं. पूर्णविराम होता. पुढे चिन्ह नव्हतं.

तळवाही पडला नाही. धाकटी वाचतच होती.

“दोन माणसं बोलत असली की आम्ही श्वास धरायचो. मग ती फोन ठेवून जायची आणि एखाद वेळी तार तशीच उघडी राहायची. उघड्या तारेवर काही तरी असायचं. ते बोलायचं नाही. वाट पाहायचं.

थोरलीने मान वर केली. धाकटीची नजर खिडकीबाहेर होती. शेवटचं पान तिच्या मांडीवर पालथं पडलं होतं.

“बेबी,” थोरली म्हणाली. धाकटी शेंडेफळ, म्हणून सगळे तिला बेबी म्हणायचे. “काय वाचतेयस?”

धाकटीने दचकून पान उलटलं. “जे आहे ते. का? कुठे चुकले का?”

“हे शेवटचं कुठे आहे इथे?”

धाकटीने पान वरून खाली पाहिलं, मागून पाहिलं. “होतं ग,” ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, “होतं.” मग ती चहा टाकायला उठली, आणि चहा होईपर्यंत गप्प होती.

थोरलीने साहेबांना फोन लावला. शेवटच्या बाईचं अवतरण उघडंच राहिलंय, पुढचा मजकूर कुठे आहे, असं विचारलं.

“एवढंच ना? टाका की बंद करून,” साहेब म्हणाले.

“त्यांचं बोलून झालं होतं का?”

“पुस्तक तर तिथे संपतं ना, बाई,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

थोरलीने चिन्ह टाकलं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढून कागद बाजूला ठेवला.

त्या संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात डाळ धूत होती. थोरली दारात कांदे सोलत बसली होती. धाकटीने हातातला चमचा ओट्यावर वाजवला, टक् टक्, आणि स्वच्छ, सपाट इंग्रजीत म्हणाली,

“नव्या मुलींना मी सांगायचे, कान बोर्डाला द्या, तोंड देऊ नका. एकीने दिलं.

घरात त्या दोघी कधी इंग्रजीत एक वाक्य बोलल्या नव्हत्या. इंग्रजी हे काम होतं, टेबलावरून उठलं की संपायचं. थोरलीला वाटलं थट्टा चाललीय. “पुरे ग,” ती म्हणाली. धाकटी वळली, हसली आणि मराठीत मीठ मागितलं. थोरलीला हायसं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी तसं पुन्हा झालं, आणि मग वरचेवर व्हायला लागलं. कंगवा आरशावर टक् टक्. किल्ली दारावर टक् टक्. दर वेळी पुढे दोन-चार वाक्यं त्या बाईची, आदल्या वाक्यांना बरोबर जोडून. तळवा कुठेच टेकायचा नाही. मधलं मराठी आखडत गेलं. आधी गप्पा गेल्या, मग उत्तरं गेली, शेवटी हं सुद्धा गेलं. आठवडा सरायच्या आत घरात धाकटीचा आवाज उरला नव्हता. ती जेवत होती, झोपत होती, हाक मारली की बघत होती. पण बोलायची ती दुसरीच कोणी.

डॉक्टरांनी घसा पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारला. धाकटीने टेबलावर बोट दोनदा वाजवून त्यांना एक्स्चेंजमधल्या पंख्याबद्दल सांगितलं.

“इंग्रजी फार सुंदर आहे हो यांचं,” डॉक्टर म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

थोरली रडूबाई नव्हती, पण त्या दिवशी जिन्यात तिला उभं राहावं लागलं. इतकी वर्षं त्या बडबडीकडे कान द्यायची गरज पडली नव्हती, ती पंख्यासारखी चालूच असायची. आता पंखा थांबला होता आणि उकडत होतं. मला माझी बहीण परत हवी, ती मनात म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि साहेबांचं घर गाठलं.

साहेबांनी तिला व्हरांड्यातच बसवलं. ती कशासाठी आली हे त्यांना सांगावं लागलं नाही.

“मी उठून आलो,” ते म्हणाले. “काय करणार? दुपार गेली, संध्याकाळ झाली, बाई थांबेचनात. पाणी नाही, चहा नाही. मी म्हटलं, येतो. त्यांनी ऐकलं नाही. मी दार ओढून घेतलं तरी आत चालूच होतं.”

“पुन्हा गेला नाहीत?”

“गेलो ना. महिन्याने गेलो. वाटलं, माणूस म्हातारं आहे, वाईट वाटलं असेल.” साहेबांनी खुर्चीच्या हाताची उखडलेला वेत ओढून धरला. “दाराबाहेर उभा राहिलो. आत त्या बोलत होत्या. मी सोडून आलो होतो ना, त्याच्या पुढचं.”

“महिन्यानंतरचं?”

“पुढचं वाक्य, बाई. लगेच पुढचं. मी बेल वाजवली नाही.”

“आणि आता?”

“आता तिथे कोणी नाही. खोली रिकामी आहे, मी खात्री करून घेतलीय.” मग ते घाईघाईने म्हणाले, “तुम्ही ते चिन्ह टाकून द्या आणि मोकळ्या व्हा. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” थोरली म्हणाली.

परत येताना तिने मनाशी ठरवून टाकलं. ज्या बाईला मध्येच टाकून माणूस उठून आला, तिचं बोलणं अर्धवट आहे. अर्धवट बोलणं बंद करता येत नाही, ते पुरं होऊ द्यावं लागतं. ठीक आहे. बोल म्हणावं काय बोलायचं ते. ऐकायला मी बसते. माझ्याइतकं निमूट ऐकणारं माणूस तिला मिळायचं नाही.

सकाळी तिने धाकटीची वेणी घातली, तिला टेबलाशी नेहमीच्या जागी बसवलं, तिच्या हातात पेन्सिल दिली आणि स्वतः समोर कोरे कागद घेऊन बसली. धाकटीने पेन्सिल दोनदा वाजवली. थोरलीने लिहायला सुरुवात केली.

दिवसामागून दिवस ती लिहीत राहिली. शब्द बदलला नाही, अडली नाही, पुढे काय, असं कधी विचारलं नाही. मध्ये उठून भात लावायची, धाकटीला भरवायची, पुन्हा बसायची. बाइंडर एकदा वर डोकावला, समोरचा प्रकार पाहिला आणि “चालू द्या” म्हणून उलटपावली गेला. बाईचं बोलणं सगळं एक्स्चेंजचंच होतं. कोणत्या मुलीचा आवाज घोगरा, कोणाच्या डब्यात काय, पावसाळ्यात वायरी कशा कुजबुजायच्या. ऐकायला वाईट नव्हतं. थोरलीच्या हाताला घट्टे पडले पण तिचा धीर वाढत चालला. केव्हा तरी थांबेल. सगळेच थांबतात.

मग एका दुपारी बाईच्या बोलण्यातलं एक्स्चेंज संपलं.

“आता मी दुसऱ्या खोलीत आहे. इथे खालून आंबूस वास येतो. खिडकीशी टेबल आहे. समोर एक बाई बसून माझं बोलणं उतरवून घेते. तिला वाटतं, मी संपत आले.

थोरलीने तेही लिहून घेतलं.

“हिची बहीण माझ्या शेजारी बसते. बडबडी आहे. आत्ताच म्हणाली,

पेन्सिल वाजली. एकदाच. टक्.

‘ताई, अगं दूध उतू जातंय बघ!’

तळवा टेबलावर टेकला.

तो धाकटीचा आवाज होता. तिचा स्वतःचा, वरच्या पट्टीतला, मराठीतला. थोरली खुर्ची पाडून आत धावली. दूध खरोखरच उतू चाललं होतं, पांढरा फेस पातेल्याच्या कडेवरून शेगडीवर सांडत होता. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर पुन्हा सपाट इंग्रजी सुरू झालं होतं.

धाकटी गेलेली नव्हती. ती त्या बाईच्या बोलण्याच्या आत होती. त्या बाईला सांगावंसं वाटेल तेव्हा तिचा आवाज बाहेर यायचा, आणि तळवा पडला की संपायचा.

थोरली परत आली ती तरातरा. टेबलाशी उभी राहिली आणि तिने सगळा जोर लावून स्वतःचा तळवा टेबलावर आपटला. कागद उडाले.

धाकटीने तिच्याकडे सावकाश पाहिलं. पेन्सिल वाजली, टक् टक्.

“थोरलीने टेबलावर हात आपटला. माझं बोलून झालेलं नव्हतं.

थोरली खाली बसली. हात झिणझिणत होता. मूर्खासारखं काय करत होते मी, तिला वाटलं. बाहेरचं बंद करायला निघाले होते. ते बंद झालं असतं, तर आतलं कुठे राहिलं असतं?

तिने कागद दूर सारले. आता तिला लिहायचं नव्हतं. धाकटीच्या उजव्या हातावर नजर रोखून ती वाट पाहत बसली. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून जमिनीवर उतरलं.

“बहिणीला भूक लागली आहे. ती म्हणते,

टक्.

‘ताई, त्या दुकानातला पाव आण ना. वाचू नकोस, नुसता आण...’

हात उचलला गेला. तळवा उघडा, बोटं पसरलेली. तो टेबलाकडे यायला लागला.

थोरलीने तो हवेतच पकडला.

मनगट थंड होतं. हात खाली दाबत होता. धाकटीच्या अंगात एवढी ताकद कधीच नव्हती. थोरलीने दोन्ही हात लावले, कोपर टेबलावर रोवलं आणि दात आवळले.

तळवा टेकला नाही.

‘...आणि लोणीसुद्धा,’ धाकटी म्हणाली. ‘ताई? अगं, हात काय धरलायस माझा? दुखतंय ना!’

“बोल,” थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. “बोल तू, बेबी. काहीही बोल. थांबू नकोस.”

‘मला थांबायला कधी येतं?’ धाकटी हसली.

आणि ती बोलत सुटली. केस किती गुंतलेत बघ म्हणाली, बाइंडरच्या बायकोने नवी साडी घेतली का विचारलं, पडदे धुवायला काढू या म्हणाली. इंग्रजीचा एक शब्द नाही. खोली तिच्या आवाजाने भरून गेली. थोरलीच्या खांद्यांत कळा येत होत्या. येऊ देत. हा हात ती सोडणार नव्हती. आज नाही, उद्या नाही. जेवण एका हाताने करता येतं. झोप बसल्या-बसल्या लागते. हे आतलं चिन्ह उघडं राहील तोवर बहीण तिची होती.

‘तू का गप्प?’ धाकटी म्हणाली. ‘मीच एकटी बोलू का? तू पण बोल ना काही तरी.’

थोरलीने श्वास घेतला.

धाकटीचा डावा हात मघापासून मांडीवर होता. तो वर आला, टेबलाच्या कडेवर थांबला. एका बोटाचं नख लाकडावर वाजलं.

टक्.

‘मी इथेच आहे ग,’ थोरली म्हणाली. ‘तुला सोडून कुठे जाणार नाही.’

थोरलीच्या बोलण्यावर डावा तळवा अगदी अलगद टेबलावर टेकला.